‘लिहिलं’ म्हणणारी डिस्क

माझा स्वभाव संशयी आहे. गॅसचा नॉब बघून घराबाहेर पडते आणि लिफ्टपाशी पोचले की परत मागे येते. घरातले हसतात. हसू देत. अंधेरीतल्या एका कंपनीत सर्व्हरच्या डिस्क सांभाळणं हे माझं काम आहे, आणि डिस्क सांभाळणारी बाई भोळी निघाली तर कंपनीची वाट लागलीच म्हणून समजा.

कारण डिस्क खोटं बोलते. नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते, आणि ती मुलं माझ्याकडे ‘हिचं काहीतरी बिनसलंय’ अशा नजरेने बघतात. आपण ‘सेव्ह’ दाबतो, स्क्रीनवर ‘झालं’ येतं. तुम्हाला वाटतं, लिहिलं गेलं. कसलं काय! डिस्कच्या पोटात एक छोटी मेमरी असते, कॅशे म्हणतात तिला. डिस्क तुमचा मजकूर आधी तिथे ठेवते, तोंड वर करून ‘लिहिलं’ म्हणते, आणि मग आपल्या सवडीने खरंखुरं लिहायला घेते. आमच्या सोसायटीचा वॉचमन कुरियरवाल्याला ‘दिलं, दिलं’ सांगून पार्सल स्वतःच्या केबिनमध्ये ठेवतो आणि चहा झाला की वर आणून देतो, तसंच. एरवी काही बिघडत नाही. पण मधल्या वेळात वीज गेली, तर कॅशेमधलं सगळं साफ.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो माझ्यासारखाच संशयी बनवलेला आहे. महत्त्वाचं काही असलं की तो डिस्कला सोडत नाही. ‘केबिन रिकामी कर, खरंच लिही, मग मला सांग,’ असा हुकूम देतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. मला तो आवडतो. घरात माझ्या बाजूचं कोणी नाही, निदान मशीनमध्ये तरी आहे.

आम्ही मुलुंडला राहतो. आई, दादा, वहिनी आणि मी. दादा मुलुंडच्याच एका वर्कशॉपमध्ये शिफ्टला जातो. वहिनी घाटकोपरला एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. डॉक्टर सकाळी लॅबमध्ये बसायचे, दुपारनंतर दुसरीकडे जायचे. मग संध्याकाळपर्यंत लॅब वहिनीची एकटीची. तपासण्यांच्या चिठ्ठ्या बघून ती रिपोर्ट टाइप करायची, शेवटी डॉक्टरांशी फोनवर बोलून सगळे रिपोर्ट एकदम ‘फायनल’ करायची. स्क्रीनवर हिरवी टिक यायची. दाराशी मेन स्विचचा बोर्ड होता आणि त्याच्यावर गणपतीचा फोटो. ती हात जोडायची, मेन बंद करायची, शटर ओढायची. शेजारच्या दुकानात मागे शॉर्टसर्किट होऊन आग लागली होती, तेव्हापासून डॉक्टरांचा नियमच होता, मेन बंद केल्याशिवाय निघायचं नाही. रक्ताच्या नमुन्यांचा फ्रिज वेगळ्या लाइनवर होता.

एके सकाळी वहिनी आंघोळीला गेली होती आणि तिचा फोन वाजला. दादाने घेतला. पलीकडे डॉक्टर. पेशंट रिपोर्टसाठी दारात उभा आहे आणि कालचा एकही रिपोर्ट केलेला नाही, काल लवकर निघाल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. दादा ‘सांगतो तिला’ म्हणाला आणि फोन टेबलावर ठेवला. मी पोहे खात होते. त्याचा चेहरा मी बघितला आणि माझा घास तिथेच थांबला.

वहिनी केस पुसत बाहेर आली. दादाने विचारलं, “काल तू लॅबमध्ये होतीस ना?”

“मग कुठे असणार?”

“रिपोर्ट केलेस?”

“सगळे केले. का रे?”

“डॉक्टर म्हणतात, एक पण नाही केलेला.”

“अरे, असं कसं? हिरवी टिक आली होती. मी डोळ्यांनी बघितली.”

ती तशीच ओल्या केसांनी पर्स उचलून पळाली. लॅबमध्ये जाऊन सगळे रिपोर्ट परत टाइप केले, पेशंटची बोलणी खाल्ली. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, होतं कधी कधी. मलाही तसंच वाटलं, कारण तिने सांगितलेली टिकची गोष्ट मी नीट ऐकलीच नव्हती, मला बस गाठायची घाई होती.

पण ते पुन्हा झालं. मग पुन्हा. डॉक्टर सज्जन माणूस, आवाज चढवणारा नव्हे, पण त्यांच्या ‘बरं, बरं’मध्येही खोच यायला लागली. आणि दादा! दादाच्या डोक्यात एकच भुंगा शिरला. रिपोर्ट झाले नाहीत असं डॉक्टर म्हणतात. रिपोर्ट करत बसले होते असं ही म्हणते. मग दुपारपासून संध्याकाळपर्यंत ही होती कुठे?

तो हे तोंडावर बोलला नाही, तेच वाईट झालं. तो तिला फोन करायला लागला. सकाळची शिफ्ट असली की दुपारीच घरी यायचा आणि संध्याकाळ झाली की सुरू, “निघालीस का? कधी निघतेस? अजून किती वेळ?” ऐकणाऱ्याला वाटेल, काय काळजी आहे बायकोची! काळजी कसली, हजेरी होती ती. पुढे पुढे दुसऱ्या शिफ्टला असला तरी मशीनवरून बाजूला होऊन फोन करायचा. मागे कसले आवाज येतात ते कान देऊन ऐकायचा. मी एकदा त्याला तसं ऐकताना बघितलं, आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “तुला ऐकायचंय तरी काय?” तर म्हणाला, “तू तुझं काम कर.”

आणि गंमत म्हणा किंवा काही म्हणा, तो जितके जास्त फोन करायला लागला, तितके रिपोर्ट जास्त वेळा गायब व्हायला लागले. त्याचा संशय पक्का होत गेला. आईच्या कानावर गेलं तेव्हा ती कडाडली, “गप रव मेल्या! लाज नाय वाटत?” तो गप्प राहिला. पण त्या गप्प राहण्यावर कोणाचा विश्वास बसणार? जेवताना तो वहिनीच्या ताटाकडे बघायचा, तिच्या चपलांकडे बघायचा, तिने केसांना लावलेल्या क्लिपकडे बघायचा. एका छोट्या फ्लॅटमध्ये असं कोणी बघत असेल तर भिंतींनासुद्धा कळतं.

वहिनी आधी भांडली. मग रडली. मग दोन्ही बंद केलं, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली. एका संध्याकाळी भाजी निवडताना ती मला म्हणाली, “डॉक्टर कामाला दुसरी मुलगी बघतायत. या महिन्यानंतर येऊ नका म्हणाले.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “नोकरी गेली तर जाऊ दे गं. पण कामावरून काढलं म्हटलं की तुझा भाऊ म्हणेल, बघ, मी म्हणत होतो ना.” तिच्या हातातली मेथी तशीच राहिली. आणि ते खरं होतं.

दुसऱ्याच दिवशी दादाने मला गॅलरीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. “तू कम्प्युटरवाली ना? मशीनमध्ये कळतं ना, कोण कधी बसलं होतं, कधी उठलं? जा ना एकदा तिच्या लॅबमध्ये. काहीतरी निमित्त काढ.”

“म्हणजे मी तुझ्या बायकोवर पाळत ठेवू?”

“मी असं म्हटलं का?”

“मग कसं म्हटलंस? शरम वाटू दे जरा.”

भांडून आत आले खरी, पण रात्रभर नाही म्हटलं तरी ते मनात राहिलं. दादाने सांगितलेलं नव्हे, वहिनीने सांगितलेलं. हिरवी टिक आली होती, मी डोळ्यांनी बघितली. आणि हे बोलताना तिने डोळ्यांवर बोट ठेवलं होतं. टिक आली आणि रिपोर्ट नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतके दिवस हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, अशी मी स्वतःलाच शिवी घातली आणि सुट्टी टाकली.

लॅबमध्ये मला बघून वहिनीचा चेहरा पडला. “त्याने पाठवलं?”

“त्याने सांगितलं होतं. पण मी त्याच्यासाठी आले नाही. मला तुझ्या त्या कम्प्युटरच्या डब्यावर संशय आहे.”

“तुला काय, सगळ्यांवरच असतो,” ती म्हणाली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मशीन टेबलाखाली होतं. शेजारी यूपीएस, त्याचा हिरवा दिवा ऐटीत लागलेला. मी प्लग काढून बघितला तर यूपीएस लगेच आडवा. बॅटरी केव्हाच मेली होती. म्हणजे वहिनी मेन बंद करायची तेव्हा मशीनची वीज त्याच क्षणी जात होती. मशीन रीतसर बंद करायला तिला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. स्क्रीन बंद, मेन बंद, संपलं. ती नसली की डॉक्टरही तसंच करायचे.

तरीसुद्धा रिपोर्ट जायला नको होते. कर्नल बसलाय ना तिथे! टिक दाखवायच्या आधी त्याने डिस्कला दम देऊन सगळं लिहून घेतलं असणार. नाही घेतलं, तर कुठेतरी पाणी मुरतंय. मी सेटिंग उघडलं. डिस्कच्या कॅशेबद्दल कर्नलची जी समजूत असते, ती एका ओळीत दिसते. ‘राइट बॅक’ असेल तर त्याला माहीत असतं, ही डिस्क आधी पोटात ठेवते, हिला विचारायला पाहिजे. ‘राइट थ्रू’ असेल तर तो समजतो, ही सरळ लिहून टाकते, हिला विचारायची गरज नाही. इथे होतं ‘राइट थ्रू’. म्हटलं, ठीक, मग डिस्कचं कॅशे बंद असेल. खात्री म्हणून मी थेट डिस्कलाच विचारलं. डिस्क म्हणाली, कॅशे चालू.

मी खुर्चीतच ओरडले. वहिनी दचकली. “काय झालं?”

“सापडला चोर! थांब जरा.”

मशीन बसवून देणाऱ्या माणसाला फोन लावला. त्याला विचारलं, हे राइट थ्रू कोणी केलं? तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, “मॅडम, मीच केलं ना! आधी राइट बॅक होतं, ते डेंजर असतं. वीज गेली तर डेटा जातो. मी राइट थ्रू टाकलं, एकदम सेफ. आणि मशीन पण काय पळायला लागली!”

“पळणारच! विचारणारा गप्प केलात ना तुम्ही!”

“म्हणजे?”

म्हणजे त्याने डिस्कला काही सांगितलंच नव्हतं. ती ओळ बदलली की डिस्कची सवय बदलत नाही, फक्त कर्नलची समजूत बदलते. त्या भल्या माणसाने कर्नलच्या कानात सांगून ठेवलं होतं, ‘ही डिस्क प्रामाणिक आहे, हिला विचारू नकोस.’ कर्नल बिचारा ऐकून गप्प बसला. डिस्क ‘लिहिलं’ म्हणाली की तो हिरवी टिक दाखवायचा. मी त्या माणसाला हे समजावलं. तो “असं पण असतं का” म्हणाला, आणि त्याचा अभिमान काही कमी झालेला मला जाणवला नाही. मी फोन ठेवला.

मग वहिनीला वॉचमनची आणि पार्सलची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “मग रोज का जात नाहीत? कधी जातात, कधी राहतात.”

“टिक आल्यावर तू लगेच मेन बंद करतेस?”

“छे. कधी डबा धुते, कधी कुंडीत पाणी घालते. डोंबिवलीला आईला फोन लावते.” ती थांबली. “आधी कधी गाडी गाठायची असली की लगेच ओढायचे. आता याचा फोन आला की लगेच. एका हाताने फायनल करते, निघाले निघाले म्हणते, आणि मेन ओढते. नाहीतर परत विचारतो ना, अजून तिथेच का म्हणून.”

डबा धुतला की डिस्कला तेवढा वेळ मिळायचा, ती पोटातलं सगळं लिहून टाकायची. दादाचा फोन आला की तिला तो वेळच मिळायचा नाही. ज्या संध्याकाळी दादाने विचारलं ‘कुठे आहेस’, त्याच संध्याकाळचं काम पुसलं जात होतं. मला आधी हसू आलं, मग दादाचा असा राग आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं, माहीत नाही.

मी काहीच बदललं नाही. वहिनीला म्हटलं, रविवारपर्यंत असंच राहू दे, तोवर टिक आली की थोडं थांबूनच मेन ओढ, सगळ्यांना डोळ्यांनी बघू दे. रविवारी सकाळी डॉक्टर आले, मी दादाला घेऊन गेले. तो यायला तयार नव्हता. “मला काय कळतंय त्यातलं?” मी म्हटलं, “मला शोधायला लावलंस ना? आता बघायला ये.”

मी खोट्या नावांचे रिपोर्ट भरले, फायनल दाबलं, टिक आली. “ही बघा टिक,” म्हणत मी डॉक्टरांना कॅशेबद्दल सांगायला लागले, मग मेन बंद केला. परत चालू केलं तर सगळे रिपोर्ट जागच्या जागी. दादाने वहिनीकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मी ओळखलं. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे, तसं मशीन बरोबरच आहे.”

“मी बोलत बसले म्हणून वेळ मिळाला डिस्कला,” मी म्हटलं, पण ते मलाच लंगडं वाटलं.

वहिनी दाराशी उभी होती. ती पुढे आली, मला म्हणाली, “ऊठ.” खुर्चीत बसली. रिपोर्ट भरले, तिच्या नेहमीच्या वेगाने. मग मान न वळवता दादाला म्हणाली, “मला फोन लाव.”

“काय?”

“रोज लावतोस ना? तसा लाव.”

दादाने फोन लावला. तिच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने तो काढून मान तिरकी करून खांद्याशी धरला. एका हाताने फायनल दाबलं. हिरवी टिक आली. “निघाले, निघाले,” ती फोनमध्ये म्हणाली, उठता उठता गणपतीला हात लावला आणि मेन ओढला. लॅबमधले दिवे गेले. तिचा आवाज दादाला समोरून आणि फोनमधून असा दोन्हीकडून ऐकू आला असणार.

मी मेन चालू केला. मशीनने उठायला नेहमीपेक्षा वेळ घेतला, स्वतःची डागडुजी करत बसलं. रिपोर्टची यादी उघडली. तिने भरलेला एकही रिपोर्ट तिथे नव्हता. मशीनच्या नोंदवहीतलं मधलं एक पान लिहायचं राहिलं होतं, आणि ते नाही म्हटल्यावर मशीनने पुढची सगळीच पानं बाद धरली होती.

दादाच्या हातात फोन तसाच चालू होता. डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले आणि म्हणाले, “मी तुम्हाला काय काय बोललो हो. माफ करा.” वहिनी “ठीक आहे डॉक्टर” म्हणाली. त्यांच्यावर तिचा राग दिसला नाही.

मग मी सेटिंग परत ‘राइट बॅक’ केलं, म्हणजे कर्नल पुन्हा विचारायला लागला. आणि डिस्कचं कॅशेही बंद करून टाकलं, माझा स्वभाव! मशीन सुरू होईल तेव्हा दोन्ही आपोआप लागतील असं करून ठेवलं. पुन्हा फोन लावायला सांगितला, पुन्हा मेन ओढला. या वेळी टिक यायला अंमळ उशीर झाला, पण रिपोर्ट सगळे राहिले. यूपीएसची बॅटरी उद्याच आणतो, असं डॉक्टर म्हणाले.

दादा एकदम मोकळा झाला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखा बोलायला लागला. “मला वाटतच होतं, मशीनचंच काहीतरी असणार! झकास काम केलंस हां तू.” माझ्या पाठीवर थाप मारली. मग वहिनीला म्हणाला, “चल, आज बाहेरच जेवू. सुरमई खाऊ मस्त.”

वहिनी शटर ओढत होती. तिने कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि विचारलं, “आणि डिस्क चांगली असती तर?”

“म्हणजे?”

“डिस्क खोटी निघाली म्हणून मी खरी झाले. ती चांगली असती, किंवा हिला सापडलंच नसतं, तर मी कोण होते?”

“अगं, आता सापडलं ना? जाऊ दे ना यार, कशाला परत ते.”

तिने किल्ली पर्समध्ये टाकली. आम्ही तिघं घाटकोपर स्टेशनपर्यंत चालत गेलो. दादा सुरमई कुठे चांगली मिळते ते सांगत होता, मी हां हां करत होते. पुलावर चढल्यावर वहिनी थांबली. म्हणाली, “मी आज डोंबिवलीला आईकडे जाते. थोडे दिवस राहीन. कामाला तिथूनच येईन.”

दादाचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी नजर फिरवली. हिला थांबवणारं माझ्याकडे काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला थांबवायचंही नव्हतं. खाली मुलुंडला न थांबणारी फास्ट गाडी यायची घोषणा झाली. तिने पर्स खांद्याला नीट लावली.

“बरं, जा,” दादा म्हणाला. मग नेहमी सगळेच म्हणतात तसं, सवयीने, त्याच्या तोंडून निघून गेलं, “पोचलीस की फोन कर.”

ती दोन पायऱ्या उतरली होती. तिथूनच वळली.

“केला, तर खरं मानशील?”

तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दादाने तोंड उघडलं. गाडी प्लॅटफॉर्मला लागत होती, लोक आमच्या बाजूने धावत खाली उतरत होते, आणि ती तिथे उभी राहून त्याच्या उत्तराची वाट बघत होती. मीही बघत होते. मग ती वळली आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेली.